ओंडके ओढण्यासाठी सुवाह्य विंच : निवड कशी करावी?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाने वाहणाऱ्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली ह्या तालुक्यांतील नारळीपोफळींच्या वाड्या आणि आंब्याफणसांच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या. हमरस्त्यांवर पडलेली झाडे करवतीने कापून व मोठ्या यंत्रांनी ढकलून दूर करता आली. परंतु कोकणातील पुष्कळ बागा रस्त्यालगत नसतात. पाखाडीने चढावे, चिऱ्याचा गडगा ओलांडावा, पाट पार करावा, तेव्हा कोठे बाग लागते. अशा ठिकाणी क्रेन जात नाही व ट्रॅक्टरही जात नाही. पावसाळा तर तोंडावर आलेला असतो. आंब्याचे लाकूड ओल्या जमिनीवर पडून राहिले, तर त्यास बुरशी लागून ते लवकर काळे पडते. वीसपंचवीस वर्षे जोपासलेल्या झाडाचे उत्पन्न तर गेलेलेच असते; ओंडका वेळेवर बाहेर निघाला नाही, तर त्याच्या लाकडाचे मोलही हातचे जाते.

असाच प्रश्न हिमालयाच्या उतारावर उन्मळून पडलेल्या देवदाराच्या बाबतीत किंवा मध्य भारतातील रानात पडलेल्या सागाच्या बाबतीत उभा राहतो. पूर्वी हे काम पहारी, लाकडी रूळ, साखळदंड आणि माणसांची सामुदायिक ताकद ह्यांवर होत असे. दक्षिणेकडील अरण्यांत आणि अंदमान बेटांत विसाव्या शतकात हत्ती ओंडके ओढीत. आज ह्या कामासाठी एका अथवा दोघा माणसांना पाठीवरून नेता येईल असा विंच उपलब्ध आहे. दोर गुंडाळून किंवा दोर पकडून ओझे आपल्याकडे ओढून घेणारे यंत्र, म्हणजे विंच होय.

बाजारात अशा यंत्रांचे अनेक नमुने मिळतात आणि प्रत्येकावर ‘एक टन’, ‘दोन टन’, ‘चार टन’ असे आकडे छापलेले असतात. जितका आकडा मोठा तितके यंत्र चांगले, असे समजून खरेदी करणाऱ्याची फसगत होते. आणि ह्या कामातील चूक केवळ पैशांपुरती राहत नाही, ती जिवावरही बेतू शकते. म्हणून विंचाची निवड विंचापासून सुरू करू नये. ती ओंडक्यापासून सुरू करावी. ओंडक्याचे वजन, जमिनीचा विरोध, ओढीचे अंतर, दोराचे बळ आणि आधाराचा टिकाऊपणा ह्या क्रमाने विचार करीत गेल्यास योग्य यंत्र कोणते हे जवळजवळ आपोआप ठरते. पुढील विवेचनात आपण एकच ओंडका उदाहरणादाखल घेऊ आणि शेवटपर्यंत त्याचाच पाठपुरावा करू.

ओंडक्याचे खरे वजन

आपला ओंडका ४ मीटर लांबीचा असून मध्यभागी त्याचा घेर १२६ सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे ४० सेंटिमीटर आहे, असे मानू. त्याचे घनफळ किती?

भारतातील लाकडाच्या आगारांत ओंडक्याचे घनफळ काढण्याची एक जुनी रीत रूढ आहे. मधल्या घेराचा चौथा भाग घ्यावयाचा, त्याचा वर्ग करावयाचा आणि त्यास लांबीने गुणावयाचे. आपल्या ओंडक्याच्या बाबतीत चौथा भाग ०.३१५ मीटर होतो, त्याचा वर्ग सुमारे ०.१ येतो आणि ४ मीटर लांबीने गुणल्यावर ०.४ घनमीटर हे उत्तर मिळते. ही रीत व्यापाराची आहे. कापणीत वाया जाणारे लाकूड वजा धरण्याच्या हेतूने ती आखलेली असल्यामुळे तिच्यातून निघणारे घनफळ खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८ टक्केच असते. वर्तुळाच्या क्षेत्रफळावरून हिशेब केल्यास आपल्या ओंडक्याचे खरे घनफळ ०.५ घनमीटर भरते. दोरावर ताण पडतो तो संपूर्ण ओंडक्याचा. फळ्या निघाल्यावर उरणारा भुसा व कडांच्या फाळीसुद्धा त्या ताणात सामील असतात. म्हणून आगाराच्या पावतीवरील घनफळ वापरून विंच निवडला, तर आरंभीच एक पंचमांशाची चूक होते.

दुसरी चूक लाकडाच्या ओलाव्याविषयी होते. पुस्तकांत दिलेली लाकडाची घनता बहुधा सुकलेल्या लाकडाची असते. वाळलेल्या सागाचा घनमीटर साधारणतः ६५० किलोग्रॅम भरतो; पण नुकत्याच पडलेल्या झाडात रस भरपूर असतो. पुष्कळ जातींच्या ताज्या लाकडाचा घनमीटर ८०० ते १,१०० किलोग्रॅम वजनाचा असतो. जाणकार माणूस ताजे लाकूड पाण्याइतके जड धरून चालतो, म्हणजे दर घनमीटरास १,००० किलोग्रॅम. ह्या हिशेबाने आपला ओंडका ५०० किलोग्रॅम, अर्थात पाच क्विंटल वजनाचा ठरतो.

जमीन आणि उतार

पाच क्विंटलांचा ओंडका ओढावयास पाच क्विंटलांचीच ओढ लागते काय? सपाट जमिनीवर तितकी लागत नाही. विंच ओंडका उचलीत नाही, तो त्यास जमिनीवरून फरफटत नेतो. आणि फरफटताना विरोध होतो तो घर्षणाचा. घर्षणबल आणि जमिनीवरील दाब ह्यांच्या गुणोत्तरास घर्षणांक म्हणतात. मातीवरून सरकणाऱ्या ओंडक्यासाठी तो सुमारे ०.६ धरण्यास हरकत नाही. (ह्या लेखात सोयीसाठी बलही किलोग्रॅमांतच सांगितले आहे. एक किलोग्रॅम बल म्हणजे एक किलोग्रॅम वस्तूच्या वजनाइतके बल.) तेव्हा सपाट जमिनीवर लागणारी ओढ ५०० च्या ०.६ पट, म्हणजे ३०० किलोग्रॅम झाली.

आता जमीन २० अंशांच्या चढाची आहे असे समजू. चढावर वजनाचे दोन भाग पडतात. एक भाग उताराच्या दिशेने खाली खेचतो. २० अंशांस तो वजनाच्या ०.३४ पट, म्हणजे १७० किलोग्रॅम असतो. दुसरा भाग जमिनीवर दाबतो, तो ०.९४ पट, म्हणजे ४७० किलोग्रॅम असून त्यामुळे निर्माण होणारे घर्षण २८० किलोग्रॅमांच्या घरात जाते. चढावर ओढताना दोन्ही विरोध मिळवावे लागतात आणि एकूण ओढ ४५० किलोग्रॅम होते. तोच ओंडका उताराने खाली ओढावयाचा असेल, तर घर्षणातून उताराची मदत वजा होऊन अवघी ११० किलोग्रॅम ओढ पुरते.

हा शेवटचा आकडा पाहून हायसे वाटण्याचा संभव आहे, पण धोका नेमका तेथेच आहे. घर्षणांक ०.६ असताना ओंडका आपल्या आपण घसरू लागण्यास सुमारे ३१ अंशांचा उतार लागतो. पाऊस पडून चिखल झाला आणि घर्षणांक ०.४ वर आला, की २२ अंशांचा उतारही त्यास पुरेसा होतो. काल जो उतार निर्धोक होता, तो आज एका सरीनंतर निर्धोक राहिलेला नसतो. ह्यासाठी ओंडक्याच्या खालच्या बाजूस कोणीही कधीही उभे राहू नये.

ओंडक्याचे तोंड दगडाच्या कपारीत, खुंटाला अथवा मुळीला अडले, तर लागणारी ओढ एकाएकी वाढते आणि ओंडक्याच्या वजनापलीकडेही जाते. हा अडथळा यंत्राच्या जोराने मोडून काढण्यापेक्षा तो येऊच नये अशी तजवीज करणे शहाणपणाचे असते. ओंडक्याच्या पुढील टोकाच्या कडा कुऱ्हाडीने गोलसर तासाव्या. दोराचा फास टोकाच्या वरच्या अंगाने खेचला जाईल असा बसवावा, म्हणजे तोंड किंचित उचलले जाते. कित्येक ठिकाणी ओंडक्याच्या तोंडावर प्लॅस्टिकचा किंवा पत्र्याचा शंकू चढवितात, त्यामुळे ओंडका खुंटांना बगल देऊन पुढे जातो आणि जमीनही कमी उकरली जाते. एवढे करूनही हिशेबाने आलेल्या ओढीच्या दुप्पट क्षमता हाताशी ठेवणे इष्ट आहे. आपल्या उदाहरणात ती ९०० किलोग्रॅम ठरते.

विंचांचे चार प्रकार

दुर्गम जागी हातांनी नेता येतील अशा विंचांचे सामान्यतः चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार दंतचक्राचा हातविंच. एका लहान ढोलावर तारेचा दोर गुंडाळलेला असतो. दांडा मागेपुढे केला की दंतचक्र एकेक दाता पुढे सरकते आणि खटका त्यास मागे फिरू देत नाही. ह्याचे वजन थोडे व किंमत अल्प असते. परंतु त्यावरील दोर दोनतीन मीटरच असतो. तेवढे अंतर ओढून झाल्यावर सर्व जुळणी सोडून पुन्हा बांधावी लागते. अडकलेला ओंडका मोकळा करण्यास, कलंडलेले झाड सावरण्यास हा उपयुक्त आहे. ६० मीटर अंतर कापण्यास तो निरुपयोगी आहे.

दुसरा प्रकार दोर पकडून चालणारा हातविंच. आपल्याकडे बांधकामावरील कामगार ह्यास ‘टिरफोर’ ह्या त्याच्या मूळ फ्रेंच व्यापारी नावानेच ओळखतात. ह्यात ढोल नसतो. यंत्राच्या पोटात जबड्यांच्या दोन जोड्या असतात. विहिरीतून पोहरा शेंदताना एक हात दोर धरून ठेवतो आणि दुसरा पुढे जाऊन नवी पकड घेतो, त्याचप्रमाणे ह्या जोड्या आळीपाळीने दोर पकडतात व पुढे ढकलतात. ढोल नसल्यामुळे दोर कितीही लांब घेता येतो, आणि दांडा सोडला तरी ओझे जागच्या जागी थांबून राहते. ८०० किलोग्रॅम क्षमतेचे यंत्र सातआठ किलोग्रॅम वजनाचे असते. १,६०० किलोग्रॅम क्षमतेच्या यंत्राचे वजन नमुन्यानुसार १४ ते २० किलोग्रॅमांच्या दरम्यान भरते. ताण प्रमाणाबाहेर गेल्यास तुटाव्यात म्हणून दांड्याजवळ मऊ धातूच्या खिळी बसविलेल्या असतात. खिळ तुटणे हा यंत्राचा दोष नव्हे, ती सूचना होय. तिच्या जागी लोखंडी खिळा ठोकणारा माणूस दोर तुटण्याची व्यवस्था करीत असतो.

तिसरा प्रकार उभ्या अथवा आडव्या ढोलावर वेढे घेऊन ओढणारा इंजिनाचा विंच. बंदरावर लागणारी जड होडी खुंटाला दोनतीन वेढे देऊन एकच खलाशी रोखून धरतो, हे पुष्कळांनी पाहिले असेल. तेच तत्त्व येथे आहे. दोर ढोलावर साठवावयाचा नसतो; तीनचार वेढे देऊन त्याचे मोकळे टोक हाताने ओढीत राहावयाचे असते. घर्षणांक ०.२ धरला, तर एका वेढ्याने हाताचा जोर साडेतीन पट होतो, दोन वेढ्यांनी १२ पट, तीन वेढ्यांनी ४३ पट आणि चार वेढ्यांनी सुमारे १५० पट होतो. म्हणजे ४५० किलोग्रॅमांची ओढ तीन वेढ्यांवर दहाअकरा किलोग्रॅमांच्या हाताने, आणि चार वेढ्यांवर तीन किलोग्रॅमांच्या हाताने सांभाळता येते. बाकीचे काम इंजिन करते. अशा विंचाच्या एका प्रचलित नमुन्याचे वजन सुमारे १६ किलोग्रॅम, ओढ १,००० किलोग्रॅम आणि वेग मिनिटास सुमारे १२ मीटर असतो. दोराच्या लांबीस मर्यादा नाही, हा मोठाच लाभ होय. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. हात सैल सोडला की ओझे मागे घसरू शकते, यास्तव चढावर दोर रोखणारा खटका असलेलाच नमुना घ्यावा. तसेच वेढे एकमेकांवर चढले, तर हातातील टोक सोडूनही दोर ओढला जातच राहतो. अशा वेळी इंजिन तत्काळ बंद करावे लागते.

चौथा प्रकार यांत्रिक करवतीच्या इंजिनावर चालणारा ढोलविंच. झाड कापण्यास करवत न्यावीच लागते. तिची पाती काढून तेच इंजिन विंचास जोडले की दुसऱ्या इंजिनाचे ओझे वाचते. पण ढोलावर मावेल तितकाच दोर त्यात वापरता येतो, आणि ढोलाच्या विंचात आणखी एक गोम असते. दोराचे थर चढत जातात तसतशी ढोलाची त्रिज्या वाढते व ओढ घटते. मोकळ्या ढोलाची त्रिज्या ३ सेंटिमीटर आणि दोराची जाडी १ सेंटिमीटर असेल, तर पहिल्या थरावर दोराच्या मध्यापर्यंतची त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर असते आणि चौथ्या थरावर ती साडेसहा होते. पहिल्या थरावर १,००० किलोग्रॅम ओढणारा विंच चौथ्या थरावर केवळ ५४० किलोग्रॅम ओढतो. छापलेला आकडा मात्र बहुधा पहिल्या थराचाच असतो. काही यंत्रांवरील आकडा तर चाकांवर चालणाऱ्या गाडीचे वजन दर्शवितो; जमिनीवर घासणाऱ्या ओंडक्याशी त्याचा संबंध नसतो. म्हणून विक्रेत्यास ‘किती टनांचा?’ असे न विचारता, ‘एकेरी दोरावर प्रत्यक्ष ओढ किती?’ असे विचारावे.

माणसाचे बळ आणि इंजिनाचे बळ

आपला ओंडका ४५० किलोग्रॅम ओढीने ६० मीटर चढवावयाचा आहे. ह्यात होणारे कार्य सुमारे २,६५,००० ज्यूल भरते. निरोगी माणूस दीर्घकाळ टिकेल अशा गतीने साधारणतः ७५ वॉट शक्ती देऊ शकतो. काहीच वाया गेले नाही असे मानले, तरी एकट्या माणसास ह्या कामास एक तास लागेल. हातविंचातील घर्षणात निम्मी शक्ती खर्ची पडते असे धरले, तर दोन तास लागतील. विसाव्याचा वेळ वेगळाच. उलट मिनिटास १२ मीटर वेगाने ओढणारे इंजिन हेच अंतर पाच मिनिटांत काटते. त्यासाठी लागणारी शक्ती सुमारे ९०० वॉट, म्हणजे सव्वा अश्वशक्तीच्या आसपास असते. एवढे लहान इंजिन एवढे मोठे काम कसे करते, ह्याचे उत्तर दंतचक्रांत आहे. इंजिनाची वेगवान पण दुबळी फिरकी दंतचक्रे मंद पण बळकट करतात.

ह्यावरून इंजिनाचा विंच सदैव श्रेष्ठ, असे मात्र ठरत नाही. बागेत एकच ओंडका असेल, तर दोन तासांचे श्रम परवडतात. वीस ओंडके असतील, तर परवडत नाहीत. शिवाय इंजिनास इंधन लागते, आणि उंचीवर हवा विरळ होत असल्यामुळे त्याची शक्ती दर १,००० मीटरांस सुमारे दहा टक्क्यांनी घटते. हिमालयात २,५०० मीटर उंचीवर काम करणाऱ्याने यंत्राच्या शक्तीतून एक चतुर्थांश आधीच वजा करावा. हातविंचावर उंचीचा असा परिणाम होत नाही. परिणाम होतो तो दांडा मारणाऱ्याच्या दमावर.

कप्पीचे साहाय्य

यंत्राची ओढ अपुरी पडत असेल, तर मोठे यंत्र घेण्यापूर्वी कप्पीचा विचार करावा. दोराचे एक टोक झाडास बांधून, दोर ओंडक्यास अडकविलेल्या कप्पीतून फिरवून परत विंचाकडे आणला, की ओंडक्यास दोराचे दोन पदर ओढतात आणि ओढ दुप्पट होते. निसर्ग मात्र काही फुकट देत नाही. ओंडका १ मीटर पुढे यावयास २ मीटर दोर ओढावा लागतो, वेग निम्मा होतो, आणि कप्पीच्या घर्षणात पाचदहा टक्के ओढ खर्ची पडते. दोरही दुप्पट लांबीचा लागतो. तरीसुद्धा एक किलोग्रॅमाची कप्पी जेथे काम करते, तेथे दहा किलोग्रॅमांचे अधिक वजनदार यंत्र पाठीवर वाहून नेण्याचे कारण नाही. ह्या कामासाठी बाजूने उघडणारी कप्पी घ्यावी, म्हणजे दोराचे टोक ओवीत बसावे लागत नाही.

दोर : कामाचा आणि काळाचा

विंचाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, विचार दोराचा करावा लागतो. पोलादी तारदोर झिजेला दाद देत नाही, पण तो जड असतो. टिरफोरच्या १,६०० किलोग्रॅम क्षमतेच्या यंत्रास लागणारा साडेअकरा मिलिमीटरांचा तारदोर दर मीटरास सुमारे अर्धा किलोग्रॅम भरतो. ६० मीटर दोर म्हणजे ३० किलोग्रॅमांचे ओझे झाले. १२ मिलिमीटरांचा पॉलिएस्टर दोर तेवढ्याच लांबीस सहासात किलोग्रॅमांचा असतो. नवा असताना त्याची भंगक्षमता सुमारे ३,००० किलोग्रॅम असते. परंतु गाठ मारली, की ती तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत घटते. ऊन, वाळू आणि टोकदार दगड ह्यांमुळे होणारी घट आणखी वेगळी. म्हणूनच दोरावर नेहमी पडणारा ताण भंगक्षमतेच्या एक पंचमांशाच्या आसपास ठेवतात. कोणत्या यंत्रास कोणता दोर चालतो हेही ठरलेले असते. जबड्यांच्या यंत्रात कापडी दोर अथवा भलत्या जाडीचा तारदोर घालता येत नाही.

नायलॉनचा दोर बळकट असतो, मग तो का वापरू नये? कारण तो ताणतो. ताणलेल्या दोरात ऊर्जा साठते, आणि दोर तुटला की ती सर्व ऊर्जा एका क्षणात मोकळी होते. ५० मीटर दोरावर १,००० किलोग्रॅम ताण आहे असे समजा. नायलॉन दहा टक्के, म्हणजे ५ मीटर ताणला गेला, तर त्यात सुमारे २५,००० ज्यूल ऊर्जा साठते. आपला पाच क्विंटलांचा ओंडका ५ मीटर उंच उचलून धरला, तर त्यात जेवढी ऊर्जा असेल तेवढी ही ऊर्जा आहे. तोच ताण सोसताना पॉलिएस्टर दोन टक्के ताणला गेला, तर साठलेली ऊर्जा पाचपटींनी कमी असते. तुटलेला दोर आणि त्याच्या टोकास असलेला आकडा ज्या दिशेने येतो, त्या दिशेने माणसाने असू नये, एवढीच ह्यातून मिळणारी शिकवण आहे. पण ती न पाळल्यामुळे माणसे मेली आहेत आणि अपंग झाली आहेत. ओढ चालू असताना दोराच्या रेषेत उभे राहू नये; दोर ओलांडू नये; कप्पीपाशी दोर वळत असेल, तर त्या कोनाच्या आतल्या बाजूस थांबू नये. ताणलेल्या दोराच्या मध्यावर ओले पोते टाकून ठेवावे. दोर तुटलाच, तर त्याची झेप पोत्यामुळे कमी होते.

आधार

ओंडका ४५० किलोग्रॅम जोराने विंचाकडे ओढला जातो, तेव्हा विंचही तेवढ्याच जोराने ओंडक्याकडे ओढला जात असतो. तो ज्यास बांधलेला आहे तो आधार डळमळला, तर यंत्र आणि माणूस दोघेही संकटात सापडतात. कप्पी वापरली असता हा भार आणखी वाढतो. दोर उलट फिरून परत येत असेल, तर कप्पीच्या आधारावर दोराच्या ताणाच्या दुप्पट, म्हणजे ९०० किलोग्रॅम भार पडतो. काटकोनात वळत असेल, तर १.४ पट, म्हणजे सुमारे ६३० किलोग्रॅम पडतो. विंचाचा हिशेब करून आधाराचा हिशेब विसरणे ही नित्याची चूक आहे.

जिवंत, जाड बुंध्याचे व खोल मुळांचे झाड हा उत्तम आधार होय. पट्टा शक्य तितका बुडाशी बांधावा. वर बांधल्यास झाड तरफेप्रमाणे उखडले जाते. तारदोर सालीभोवती कधीच आवळू नये. साल सर्व बाजूंनी कापली गेली, तर मुळांकडे जाणारा अन्नरस तुटतो आणि झाड मरते. एक पडलेले झाड काढताना दुसरे उभे झाड मारण्यासारखे ते होईल. ह्यासाठी रुंद पट्टा वापरावा. कुजका खुंट, सुटा खडक आणि पोफळीसारखी बारीक बुंध्याची झाडे आधारासाठी घेऊ नयेत. वादळानंतर तर विशेष सावध राहावे, कारण जी झाडे उभी दिसतात, त्यांचीही मुळे वाऱ्याने सैल झालेली असू शकतात, आणि पावसाने माती मऊ झालेली असते. योग्य झाड नसेल, तर एकामागे एक पहारी रोवून त्या परस्परांस जखडाव्या, किंवा चर खणून त्यात आडवा ओंडका पुरावा व त्यास दोर बांधावा.

हिशेबाची सांगता

आता आपल्या उदाहरणाचा निर्णय करू. ओंडका पाच क्विंटल, चढ २० अंश, अंतर ६० मीटर, ओढ ४५० किलोग्रॅम व राखीव क्षमतेसह ९०० किलोग्रॅम. सर्वांत प्रथम हे विचारावे, की ओंडका ४ मीटर लांबच बाहेर काढणे आवश्यक आहे काय? तो मध्ये कापला, तर प्रत्येक तुकड्यास निम्मीच ओढ पुरते. सरपणासाठी किंवा लहान फळ्यांसाठी लाकूड हवे असेल, तर करवत हेच स्वस्त यंत्र ठरते. लांब तुळईची किंमत अधिक येत असेल, तेव्हाच पुढील विचार करावा. वाट खालच्या अंगाने काढणे शक्य असेल, तर तोही पर्याय तपासावा. मात्र घसरणाऱ्या ओंडक्यास मागून दोराने रोखण्याची सोय केल्याखेरीज तो पत्करू नये.

एकदोन ओंडकेच असतील, तर ८०० किलोग्रॅमांचा जबड्यांचा हातविंच पुरेसा आहे. अडथळा आल्यास कप्पी लावून त्याची ओढ दुप्पट करता येते. त्याचा सव्वाआठ मिलिमीटरांचा तारदोर दर मीटरास सुमारे पाव किलोग्रॅम भरतो. ६० मीटर दोरासह यंत्राचे ओझे २३ किलोग्रॅमांच्या आसपास होते. वीसपंचवीस ओंडके काढावयाचे असतील, तर वेढ्यांचा इंजिनविंच योग्य. १६ किलोग्रॅमांचे यंत्र, सात किलोग्रॅमांचा दोर, कप्प्या, पट्टे आणि इंधन मिळून ३० किलोग्रॅमांहून थोडे अधिक ओझे होते. दोन माणसे ते पाखाडीने सहज नेऊ शकतात. दोनतीन मीटरांपलीकडे न जाणारा दंतचक्राचा विंच येथे मुख्य यंत्र होऊ शकत नाही, पण सोबत असल्यास कपारीत अडकलेला ओंडका मोकळा करण्यास उपयोगी पडतो.

असे यंत्र एका बागायतदारास वर्षातून चार दिवस लागते. उरलेले दिवस ते कोपऱ्यात पडून राहते. म्हणून ग्रामपंचायतीने अथवा सहकारी संस्थेने ते घ्यावे आणि ते चालविण्यास दोनतीन माणसे नीट शिकवून तयार करावी, हे अधिक हितावह होय. झाडे तोडणे व लाकूड वाहून नेणे ह्यांसंबंधी राज्याराज्यांत कायदे आहेत. महाराष्ट्रात वृक्षतोडीच्या नियमनाचा अधिनियम १९६४ सालचा आहे. तेव्हा ओंडक्यास दोर लावण्यापूर्वी वनखात्याच्या जवळच्या कार्यालयात चौकशी करून घ्यावी.

यंत्र नवे असो वा जुने, हाताचे असो वा इंजिनाचे, कामास आरंभ करण्यापूर्वी घेर व लांबी मोजण्याची एक फीत, उतार पाहण्याचे एक साधे साधन आणि कागदपेन्सिल एवढे साहित्य प्रत्येकाने जवळ ठेवावे. दहा मिनिटांचा हिशेब केला म्हणजे दोरावर किती ताण पडणार, आधार तो सोसेल की नाही आणि माणसांनी कोठे उभे राहावे, हे ओढ सुरू होण्यापूर्वीच कळते. ओंडका बाहेर निघाला आणि त्याबरोबर गेलेली सर्व माणसे धडधाकट घरी परतली, म्हणजेच विंचाची निवड योग्य झाली असे समजावे.